पुनर्विकासाच्या करारात फोन, इंटरनेट आणि अलार्मच्या तारांनाही कलम हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई, ठाणे आणि पुण्यातील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहून येते. वाढीव चटई क्षेत्र, मासिक भाडे, कॉर्पस (विकासकाने द्यायचा एकरकमी निधी), बँक हमी, भोगवटा प्रमाणपत्र या विषयांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी, कारण सभासदाच्या आयुष्यभराच्या मिळकतीचा तो प्रश्न असतो. परंतु घर रिकामे करताना तुटणारा दूरध्वनी, बंद होणारे इंटरनेट आणि दाराशी किंवा पलंगाजवळ बसवलेला अलार्म यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न विकासकाशी होणाऱ्या करारात येत नाही आणि विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवरही सहसा नसतो. मुलुंडमधील एका जुन्या संस्थेच्या व्यवस्थापक समितीचा सदस्य म्हणून मी सध्या हीच प्रक्रिया जवळून पाहतो आहे. आमचे बहुसंख्य सभासद साठीच्या पुढचे आहेत, अनेकांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत, आणि त्यांच्यासाठी या तारा चैनीची बाब नाहीत. म्हणून हे पत्र.

पुनर्विकासात स्थलांतर एकदा होत नाही. प्रथम भाड्याच्या घरात जायचे आणि इमारत पूर्ण झाल्यावर परत यायचे. मधल्या काळात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार घरमालकाने वाढवला नाही, तर आणखी एखादे घर बदलावे लागते. प्रत्येक वेळी इंटरनेटची नवी जोडणी, नव्या पत्त्याचा पुरावा, नवी अनामत आणि तंत्रज्ञाची वाट पाहणे आलेच. विकासक सामान हलवण्यासाठी ठरावीक रक्कम देतो, ती टेम्पो आणि हमालीचा हिशेब करून ठरलेली असते. जोडण्यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे इंटरनेटचे पैसे आगाऊ भरलेले असले आणि नव्या घराच्या इमारतीत त्या कंपनीची केबलच पोहोचलेली नसली, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेत तिथे फिजिबिलिटी नसली, तर उरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी सभासदालाच झगडावे लागते.

या बदलात आणखी एक गोष्ट घडते, जी ज्येष्ठांना कोणी समजावून सांगत नाही. जुन्या इमारतीत आलेला लँडलाइन फोन तांब्याच्या दोन तारांवर चालत असे आणि त्याला लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा थेट दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांमधून येत असे. त्यामुळे घरातली वीज गेली तरी फोनला डायल टोन असे. नव्या जोडण्या ऑप्टिकल फायबरवर दिल्या जातात. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरात बसवलेला ओएनटी नावाचा डबा तो संकेत उलगडतो आणि त्यावरच राउटर व फोन चालतात. त्या डब्याचा अॅडॉप्टर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो. वीज गेली की डबा बंद, डबा बंद की लँडलाइनही बंद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला होता, लोकल गाड्या थांबल्या होत्या आणि टाळेबंदीच्या त्या काळात घरून काम करणाऱ्यांचे व ऑनलाइन परीक्षा देणाऱ्यांचे हाल झाले होते. ज्या घरात ओएनटीला बॅटरीचा आधार नव्हता, त्या घरात फायबरवरचा फोनही त्या वेळी उपयोगाचा नव्हता. महावितरणच्या क्षेत्रात तर देखभाल-दुरुस्तीसाठी अधूनमधून काही तास वीज बंद ठेवली जाते, तेव्हा हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो.

उपाय साधा आहे. ओएनटी आणि राउटर यांना पुरेल असा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर पुरवठा देणारी बॅटरी, बाजारात सहज मिळतो आणि काही तासांची सोय होते. पण तो लावायला हवा हे जोडणी देताना कोणी सांगत नाही, आणि ‘आपला फोन पूर्वीसारखाच आहे’ अशा समजुतीत घरातली वृद्ध मंडळी राहतात. अडचणीच्या क्षणी तो समज घातक ठरू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीत ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक भिंतीवर चिकटवले तरी ते फिरवायला फोन चालू असावा लागतो.

लँडलाइनच्या क्रमांकाचेही तसेच आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय मोबाइलला देशभर जानेवारी २०११ पासून मिळाली. लँडलाइनला ती नाही. मुलुंडहून डोंबिवलीला भाड्याने गेलेल्या कुटुंबाचा फोन दुसऱ्या केंद्राच्या हद्दीत गेल्याने क्रमांक बदलू शकतो, आणि तिकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली तर जुना क्रमांक सोडावाच लागतो. चाळीस वर्षे पाठ असलेला हा क्रमांक केवळ भावनेचा विषय नाही. बँकेच्या जुन्या खात्यांत, विम्याच्या कागदांत, गॅस एजन्सीच्या नोंदीत आणि डॉक्टरांच्या फाइलवर तोच लिहिलेला असतो. सरकारी दूरध्वनी सेवेत फोन काही काळ बंद ठेवून क्रमांक राखून ठेवण्याची ‘सेफ कस्टडी’ नावाची सोय असते. इमारत पाडण्याआधी संस्थेने अशा सर्व सभासदांची यादी करून संबंधित कार्यालयाशी एकत्रित पत्रव्यवहार केला, तर एकेका वृद्धाला स्वतंत्रपणे खिडकीसमोर उभे राहावे लागणार नाही. आमच्या समितीने हे काम हाती घेतले आहे आणि इतर संस्थांनीही ते घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाड्याचे घर निवडताना सभासद स्टेशनपासूनचे अंतर, पाणी आणि लिफ्ट पाहतात. त्या यादीत त्या इमारतीत कोणत्या कंपन्यांचे फायबर आलेले आहे, हा प्रश्नही असावा, आणि तो टोकन देण्यापूर्वी विचारावा. घरमालकाची लेखी परवानगी आणि नोंदणीकृत भाडेकरार हाती नसेल तर जोडणीचा अर्ज अडकू शकतो, त्यामुळे भाडेकराराची नोंदणी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. जुनी जोडणी नव्या घरातील जोडणी सुरू होऊन चालल्याची खात्री पटेपर्यंत बंद करू नये. काही दिवसांचे दुहेरी भाडे पडते, पण ज्यांच्या घरातून कोणी नोकरीचे काम करतो किंवा ज्यांच्या औषधांची आणि डॉक्टरांची वेळ फोनवर ठरते, त्यांच्यासाठी ते भाडे रास्त आहे. बंद करण्याची विनंती मात्र तोंडी न करता लेखी करावी, राउटर किंवा ओएनटी परत दिल्याची पोच घ्यावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. सेवा बंद करणे आणि अनामत परत करणे यांना दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मुदत घालून दिलेली आहे. तक्रारीचे निवारण झाले नाही, तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि तिकडे पत्रे पाठवण्यात त्यांचा वेळ जातो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, असे स्पष्ट केले आहे. हा मार्ग सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे.

आता अलार्मविषयी, कारण माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी मुलांनी बसवलेली यंत्रणा बहुधा अशी असते: दरवाजाला सेन्सर, स्वयंपाकघरात गॅसगळतीचा सूचक, पलंगाजवळ किंवा न्हाणीघरात आपत्कालीन बटण, आणि हे सर्व जोडलेले एक पॅनेल, जे ठरलेल्या क्रमांकांवर आपोआप फोन लावते. जुन्या पॅनेलमध्ये हा फोन लँडलाइनवरून जातो. नव्या पॅनेलमध्ये सिमकार्ड असते किंवा घरातले वायफाय वापरले जाते. घर हलवताना भिंतीवरचे सेन्सर काढून नव्या भिंतीवर लावले जातात, पॅनेलचा हिरवा दिवाही लागतो, आणि घरच्यांचा समज होतो की काम झाले. परंतु लँडलाइन गेली असेल तर त्या पॅनेलला बाहेर फोन लावायला वाटच उरलेली नसते. वायफायवर चालणारे पॅनेल नव्या राउटरचे नाव आणि पासवर्ड बदलल्यामुळे जोडलेलेच नसते. सिमकार्डाचे पॅनेल जुन्या टूजी नेटवर्कवरच चालणारे असेल आणि सिम मात्र केवळ फोरजी व फाइव्हजी चालवणाऱ्या कंपनीचे घातले असेल, तर ते नेटवर्क पकडत नाही. रिचार्ज संपलेले सिम तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्यावरून एरवी कोणी बोलतच नाही.

यातील शेवटच्या अडचणीवर एक उपाय आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून, केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी, डेटाशिवायचा किमान एक रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यावा असे बंधन घातले आणि अशा विशेष रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. फोनवरूनच सूचना देणाऱ्या अलार्मच्या सिमसाठी डेटाची गरज नसते, त्यामुळे दीर्घ मुदतीचा असा रिचार्ज पाहून घ्यावा आणि त्याची तारीख मुलांनी आपल्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. नव्या घरात राहायला गेल्यावर त्याच दिवशी आपत्कालीन बटण प्रत्यक्ष दाबून पाहावे, समोरच्या माणसाच्या फोनवर घंटा वाजते का हे ऐकावे, नंतर घरातील मुख्य स्विच बंद करून हीच चाचणी पुन्हा करावी. पॅनेलमध्ये नोंदलेला पत्ता जुनाच राहिला असेल, तर मदतीला निघालेला माणूस पाडलेल्या इमारतीसमोर जाऊन उभा राहील, याचाही विचार व्हावा. पॅनेलमध्ये नोंदवायचा दुसरा क्रमांक मात्र हाकेच्या अंतरावरच्या माणसाचा असावा, कारण अमेरिकेतल्या मुलाचा फोन वाजला तरी तो धावून येऊ शकत नाही.

नव्या इमारतीत परतल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. आज बहुतेक उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींच्या असतात, ज्याला बांधकाम व्यवसायात मिवान म्हणतात. विटांच्या भिंतींपेक्षा या भिंतींतून मोबाइलची आणि वायफायची लहर कमी जाते, आणि भिंत ओतून झाल्यावर त्यात नवी नळी बसवण्यासाठी खाच पाडणे संरचनेच्या दृष्टीने योग्य नसते. म्हणजे प्रत्येक खोलीपर्यंत इंटरनेटची तार जाणार की नाही, याचा निर्णय काँक्रीट ओतण्याआधीच व्हावा लागतो. प्रवेशद्वारापासून दिवाणखान्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक शयनगृहापर्यंत विजेच्या तारांपासून स्वतंत्र नळी, प्रत्येक मजल्यावर दूरसंचारासाठी वेगळी डक्ट (तारा नेण्याची बंदिस्त जागा), तळमजल्यावर सर्व कंपन्यांची उपकरणे बसतील अशी कुलूपबंद खोली आणि त्या खोलीला जनरेटरचा पुरवठा, एवढ्या गोष्टी नकाशावर असाव्यात. बेसमेंटच्या वाहनतळात मोबाइलची लहर पोहोचण्यासाठी अँटेनांची सोयही त्यातच यावी. तिथे कोणाला भोवळ आली आणि फोनच लागला नाही, तर आपण बांधलेल्या आधुनिक इमारतीचा काय उपयोग?

लिफ्टचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. काँक्रीटच्या शाफ्टमध्ये लिफ्ट अडकली की आतल्या माणसाच्या मोबाइलला बहुधा नेटवर्क नसते, म्हणून लिफ्टमधील इंटरकॉम हीच त्याची खरी आशा असते. तो सुरक्षा रक्षकाच्या केबिनमध्ये वाजतो. केबिनमध्ये रात्री कोणी नसेल किंवा इंटरकॉमची बॅटरी उतरलेली असेल, तर आतल्या माणसाची हाक कोणालाच ऐकू येत नाही. अग्निशमन अलार्मच्या पॅनेलबाबतही हेच म्हणता येईल. अनेक निवासी इमारतींत धूर पकडला गेला की पॅनेल भोंगे वाजवते आणि केबिनमध्ये मजला दाखवते, पण अग्निशमन दलाला ते स्वतः फोन करत नाही. तो १०१ चा किंवा ११२ चा फोन रक्षकाने करायचा असतो. तो रक्षक स्वतःचा मोबाइल वापरतो आणि त्यात शिल्लक असेलच असे नाही. म्हणून केबिनमध्ये संस्थेच्या नावाचा, यूपीएसवर चालणारा एक फोन कायम असावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. त्या तपासणीच्या वेळी समितीच्या सदस्याने उपस्थित राहून केबिनमधील फोन, लिफ्टचा इंटरकॉम आणि पॅनेलची बॅटरी हे तिन्ही आपल्यासमोर तपासून घ्यावे. अशी तपासणी कागदावरच पार पडू देणे हे सभासदांच्या जिवाशी खेळणे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

नव्या इमारतीत आणखी एक खटकणारी गोष्ट आढळते. विकासक एखाद्या इंटरनेट कंपनीशी व्यवहार करून तिलाच डक्ट वापरू देतो आणि बाकीच्यांना प्रवेश नाकारतो. सभासदाने आपल्या हक्काच्या घरात राहायला यावे आणि सेवा कोणाची घ्यायची हे मात्र दुसऱ्याने ठरवावे, हे मान्य होण्यासारखे नाही. ट्रायने २० जानेवारी २०१७ रोजी इमारतींच्या आतील दूरसंचार सुविधा सर्व कंपन्यांना भेदभावाविना वापरता याव्यात, अशी शिफारस केली होती. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींना पुरवणी जोडून इमारतीतील डिजिटल सुविधांच्या तरतुदी सुचवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देण्याचे नियम आणले, मात्र त्यासाठी अर्ज करणे विकासकाच्या किंवा मालमत्तेच्या व्यवस्थापकाच्या इच्छेवर आहे. जिथे सभासदांनी आग्रह धरला नाही, तिथे विकासक स्वतःहून हे करेल असे मला वाटत नाही. आणि आग्रह धरण्याची ताकद सभासदांकडे करारावर सही होण्यापूर्वीच असते, घर रिकामे करून दिल्यावर ती राहत नाही.

काही सभासद म्हणतात की आता सर्वांकडे मोबाइल आहे, तेव्हा तारांचा एवढा विचार कशाला. त्यांना माझे सांगणे आहे की मोबाइलवरचे बोलणे भिंतींवर, टॉवरवरच्या गर्दीवर आणि हातातल्या बॅटरीवर अवलंबून असते. शिवाय पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना कंप सुटलेल्या बोटांनी पडद्यावर नेमके नाव शोधता येत नाही. अनेक नव्या संकुलांत दारावरचा इंटरकॉम काढून त्याची जागा मोबाइल अॅपला दिली जाते आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धाला आपल्या दाराशी कोण आले आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो. सोयीच्या नावाखाली एका पिढीला बाहेर ठेवणे योग्य नाही. अॅप ठेवावेच, पण बटणांचा इंटरकॉमही चालू असावा.

राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाविषयी सविस्तर निर्देश दिले आहेत. विकासकाची निवड, सभेची पद्धत, करारातील बाबी यांविषयी ते मार्गदर्शक आहेत. सहकार खात्याने या निर्देशांना एक जोड द्यावी, अशी आपल्या दैनिकाद्वारे माझी जाहीर मागणी आहे. विकासकरारात आणि प्रत्येक सभासदाच्या वैयक्तिक करारात पुढील गोष्टी स्पष्टपणे लिहिल्या जाव्यात: घर सोडताना आणि परतताना होणाऱ्या जोडण्यांचा प्रत्यक्ष खर्च विकासकाने द्यावा, इमारतीच्या मंजूर नकाशांसोबत दूरसंचाराच्या नळ्या व डक्टचा नकाशा संस्थेला द्यावा, डक्ट व उपकरणांची खोली ताबा दिल्यापासून संस्थेच्या अखत्यारीत राहावी आणि कोणत्याही परवानाधारक कंपनीला समान शर्तींवर खुली असावी, तसेच ताबापत्र देण्यापूर्वी लिफ्टचा इंटरकॉम, अग्निशमन पॅनेल आणि रक्षकाच्या केबिनमधील फोन यांची चाचणी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर वीज बंद करून घेतली जावी. या तरतुदींचा खर्च एकूण प्रकल्पाच्या मानाने नगण्य आहे. आमच्या संस्थेने आपल्या सल्लागार वास्तुविशारदाला या कलमांचा मसुदा तयार करण्यास सांगितले आहे आणि तो विकासकाशी होणाऱ्या वाटाघाटींत मांडला जाणार आहे. ज्या संस्थांचे करार अजून अंतिम झालेले नाहीत, त्यांच्या समित्यांनी आपल्या वकिलांशी या कलमांविषयी आताच बोलून घ्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक व्यवस्थापक समिती सदस्य, मुलुंड (पूर्व), मुंबई